मांडीवरचा ताल

उजवा हात उजव्या मांडीवर पडला की ‘दुम’, डावा डाव्या मांडीवर पडला की ‘तेक’. दुयेक नावाचा तुर्की ताल आठ मात्रांचा, म्हणजे आपल्या केरव्याएवढाच. पण त्यातला पहिला दुम एका मात्रेत आटपतो आणि मागून आलेला तेक दोन मात्रा रेंगाळतो. मग एका मात्रेचा तेक, दोन मात्रांचा दुम, पुन्हा दोन मात्रांचा तेक. दुम तेक ऽ तेक दुम ऽ तेक ऽ.

मी बारा वर्षं तबला शिकले. हे पाच घाव मला पाच मिनिटांत यायला हवे होते. पण चार दिवस हात ऐकेनात, कारण तबल्यात जड आवाज डाव्याचा, डग्ग्याचा. इथे जडपणा उजव्याकडे. जन्मभराची सवय उलटी करायची. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, बसमध्ये पर्सखाली हात लपवून मी दुम-तेक करत राहिले. पाचव्या दिवशी हात वळले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा, इतके दिवस नुसती गोड वाटणारी एक इस्तंबुली चीज मला आतून कळली.

इस्तंबूलमध्ये गाणं शिकवायची रीतच ही होती. गुरूसमोर बसायचं, मांडीवर ताल द्यायचा आणि गुरू म्हणेल ती ओळ तशीच म्हणायची, ती अंगात मुरेपर्यंत. समोर कागद नाही. या शिकण्याला ते ‘मेश्क’ म्हणतात. हा शब्द मूळचा सुलेखनातला: गुरूने काढून दिलेल्या अक्षरावरून शिष्याने गिरवायचं. म्हणजे आपला कित्ता. गाण्याचा कित्ता गिरवणं ही कल्पना मला फार आवडली. आमचे गुरुजी वहीत कायदा लिहू देत नसत, ‘हातात लिही’ म्हणायचे, ते आठवलं.

या तालापर्यंत मला नेलं वॉल्टर झेव फेल्डमन यांच्या कामाने. जन्म 1949 चा, न्यूयॉर्कचा. वडील पूर्व युरोपातल्या बेसारेबियातल्या येदिनेत्स गावातून अमेरिकेत आलेले ज्यू. फेल्डमननी दोन संगीतांचा जन्मभर अभ्यास केला आणि दोन्हींच्या अभ्यासकांसाठी पायाभूत ठरतील अशी पुस्तकं लिहिली. 1996 साली उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, दरबारच्या संगीतावर, 2016 साली पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नसंगीतावर, म्हणजे क्लेझ्मरवर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी तुर्की शिकवली, उस्मानी कविता आणि मेवलेवी दर्वेशांच्या, म्हणजे गिरक्या घेणाऱ्या सूफींच्या, संगीतावर लिहिलं. आणि हे सगळं करताना ते वाजवत राहिले. त्यांचं वाद्य त्सिंबल. चौकोनी पण वर निमुळती होत गेलेली लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि आपल्या संतूरच्या कलमांसारख्या दोन काड्या. हे वाद्य लहान, गळ्यात पट्टा अडकवून वरातीबरोबर चालता येईल इतकं.

मी आधी वाचलं नाही, आधी ऐकलं. 1979 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली एक रेकॉर्ड: क्लॅरिनेट आणि मँडोलिनवर अँडी स्टॅटमन, त्सिंबलवर फेल्डमन. रात्री घरातले झोपल्यावर हेडफोन लावला होता. क्लॅरिनेटचा एक लांब सूर आला आणि सुटता सुटता घशात अडकल्यासारखा तुटला. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेत याला ‘क्रेख्त्स’ म्हणतात, म्हणजे कण्हणं. मी तो तुकडा किती वेळा मागे नेऊन ऐकला ते सांगता येणार नाही. कारण तो सूर मी आधी ऐकला होता. क्लॅरिनेटवर नाही. सनईवर.

दुसऱ्या दिवशी पेटी काढली आणि त्या चालीचे सूर लावून पाहिले. रिषभ, धैवत, निषाद कोमल; गंधार शुद्ध. खाली भैरव, वर भैरवी: आपला बसंत मुखारी. यिद्दिश वादक या सुरावटीला ‘फ्रेगिश’ म्हणत, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सिनेगॉगमध्ये, तिला एका प्रार्थनेवरून ‘अहावा रब्बा’ म्हणतात, आणि तुर्कांच्या ‘हिजाज’ मकामाशी (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखं) तिचं जवळचं नातं. इथे कुणी ‘शेवटी सगळं संगीत एकच’ म्हणेल तर मला ते मान्य नाही. सूर जुळले म्हणून राग जुळत नाही. बसंत मुखारीतला माझा रिषभ ज्या वाटेने सा वर येतो त्या वाटेने त्यांचा येत नाही. तुर्की गवई तर एका पूर्ण सुराचे नऊ भाग मोजतात आणि त्यांचा ‘सेगाह’ नावाचा सूर माझ्या पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. ओळख वाटणं वेगळं आणि ओळख असणं वेगळं. फेल्डमनसारखा माणूस त्या दोन्हींमधल्या अंतरात आयुष्यभर राहिला.

आता सनईचं सांगते. आमचं घर गुरवाचं. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवळात पहाटे काकड आरतीला आणि संध्याकाळी दिवेलागणीला सनई वाजवायचे. लग्नसराईत पंचक्रोशीत बोलावणी असायची. वडिलांना हे आवडत नसे. शाळेत त्यांना ‘वाजंत्र्याचा’ म्हणायचे, आणि तो शब्द कुठल्या स्वरात म्हटला जाई ते त्यांनी मला एकदाच, मी चांगली मोठी झाल्यावर सांगितलं. ते शिकले, सरकारी नोकरीत लागले, आम्ही तालुक्याला आलो. मला गाण्याची ओढ आहे हे दिसल्यावर ते म्हणाले, तबला चालेल. तबल्याला परीक्षा होत्या, सर्टिफिकेट होतं. सनई माळ्यावर गेली. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांना एकही चाल विचारून घेतली नव्हती.

म्हणून ‘क्लेझ्मर’ शब्दाची गोष्ट वाचताना मला धस्स झालं. हिब्रूतलं ‘क्ले झेमेर’ म्हणजे गाण्याची साधनं, वाद्यं. पुढे तो शब्द वाद्यावरून वाजवणाऱ्यावर आला. आपल्या ‘वाजंत्री’चंही तेच, वाजंत्र हे वाद्य आणि वाजंत्री तो वाजवणारा. आणि दोन्ही शब्दांचं पुढे एकच झालं. अमेरिकेत स्थिरावलेल्या ज्यू वादकांना कुणी क्लेझ्मर म्हटलं तर अपमान वाटायचा: नोटेशन न वाचता येणारा, लग्नात वाजवून पोट भरणारा, असा त्याचा अर्थ. फेल्डमन आणि स्टॅटमन यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी तोच शब्द उचलला आणि मानाने आपल्या रेकॉर्डवर छापला. आज जगभर त्या संगीताचं नावच ते आहे. वडिलांना हे सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

त्या तरुणांनी हा शब्द उचलला तो एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन. डेव्ह टारास. युक्रेनमधल्या वाजवणाऱ्यांच्या घरातले. पहिल्या महायुद्धात झारच्या सैन्यात बँडमध्ये वाजवलेले. 1921 साली अमेरिकेला आले, तेव्हा न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस आयलंडवर, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची, सगळ्या सामानाबरोबर त्यांचं क्लॅरिनेटही जंतुनाशक धुरीत घातलं गेलं आणि कायमचं बिघडलं. ज्याचं वाद्य बंदरावरच मेलं तो माणूस आधी कारखान्यात कामाला लागला, मग नवं क्लॅरिनेट घेतलं आणि काही वर्षांत न्यूयॉर्कच्या ज्यू लग्नांमधलं पहिलं नाव झाला. पण पुढच्या पिढीला ती गाणी नको होती. मुलं इंग्रजी बोलू लागली, लग्नातला नाच बदलला.

आणि पुढे त्या मुलांची मुलं काय करत होती? सगळ्यांचं संगीत शिकत होती. बल्गेरियाचं, ग्रीसचं, आर्मेनियाचं, तुर्कस्तानचं. स्टॅटमन ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातलं मँडोलिन वाजवायचे आणि ग्रीसमधल्या एपिरसहून आलेल्या पेरिक्लिस हाल्कियास यांच्याकडे क्लॅरिनेट शिकत होते. फेल्डमन तुर्की भाषेत आणि मकामांत शिरले होते. आणि टारास तिथेच, त्याच शहरात, ब्रुकलिनमध्ये राहत होते. इतक्या लांबचे सूर शिकून झाल्यावर या मुलांना घरामागचं दार दिसलं. मी त्यांना दोष देत नाही. उलट मला वाटतं, ते आधी लांब गेले म्हणूनच त्यांना टाराससमोर बसून काय विचारायचं ते कळलं. ग्रीक क्लॅरिनेटमधला अर्धवट दाबलेला सूर ओळखायला शिकलेला कान टारासच्या बोटांकडे नीट बघू शकला. 1978 साली न्यूयॉर्कमध्ये ऐंशीच्या घरातल्या टारासची मैफल झाली, बाल्कन आर्ट्स सेंटरने भरवलेली. 1984 साली अमेरिकन सरकारने त्यांना पारंपरिक कलावंतांचा राष्ट्रीय सन्मान दिला. 1989 साली ते गेले. आपली क्लॅरिनेटं त्यांनी स्टॅटमनना दिली होती.

फेल्डमन मात्र तुर्की वाटेवरून परतले नाहीत, दोन्ही वाटा चालत राहिले. आणि त्या वाटेवर त्यांनी जे शोधलं ते मला, तबल्याच्या माणसाला, थक्क करून गेलं.

आपण समजतो की जुनं संगीत संथ होतं आणि पुढे जग घाईचं झालं तसं ते द्रुत झालं. उस्मानी दरबारात उलट घडलं. 1700 च्या आसपास ज्या पेशरेव, म्हणजे मैफलीच्या सुरुवातीला वाजायच्या वाद्यरचना, बऱ्यापैकी चालीने जात होत्या, त्यांची लय पुढच्या शतकात हळूहळू उतरत गेली. ताल तेच, नावं तीच. पण मात्रा ताणली गेली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत सूर भरत गेले. आधी जिथे एका मात्रेवर एक सूर होता तिथे आता चार, कधी आठ. जुन्या रचनेचा सांगाडा नव्या सुरांच्या अंगाखाली इतका झाकला की त्याच नावाच्या दोन काळांतल्या चिजा शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत.

कुठल्याही तबलजीला विचारा, विलंबित एकतालात बसणं म्हणजे काय. बारा मात्रा, पण एकेक मात्रा चौपट लांब. धिं आणि पुढच्या धिंच्या मध्ये एवढी जागा की त्यात माणूस विचार करून येईल. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ऐकताना साथीदाराच्या संयमाने माझ्या अंगावर काटा येतो. आपल्याकडेही ही संथता मुळापासून नव्हती, ती वाढवत नेलेली आहे. तेव्हा ‘लय उतरली’ हे वाचताना मला तो इतिहास परका वाटलाच नाही. कुणीतरी ठरवून केलेलं नसणार ते. एखाद्या वादकाला एका सुरावर अजून थोडं थांबावंसं वाटलं असेल, शिष्याने तेवढं थांबणं गिरवलं असेल आणि त्यात आपलं एक घातलं असेल. कित्त्यावरून गिरवताना अक्षर थोडं थोडं रुंद होत जातं, तसं.

पण मेश्कमध्ये कागदच नव्हता, तर ही लय उतरली हे कळलं कसं? कळलं, कारण काही जणांनी लिहून ठेवलं होतं. 

पहिला अली उफ्की. मूळ नाव वोयचेख बोबोव्स्की, ल्वूफचा (आजच्या युक्रेनमधलं ल्विव) पोलिश तरुण. तातारांनी पकडून विकला आणि तो सुलतानाच्या राजवाड्यात पोचला. तिथे संतूर वाजवायला लागला. लहानपणी युरोपीय स्वरलिपी शिकलेला होता, पण इथलं लेखन उजवीकडून डावीकडे. म्हणून 1650 च्या सुमारास त्याने ती स्वरलिपीच उलटी फिरवली आणि राजवाड्यात ऐकलेल्या चिजा उजवीकडून डावीकडे लिहून काढल्या. ती वही आज लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत आहे. गुलाम म्हणून आणलेल्या मुलाने मालकाच्या घरचं गाणं जपून ठेवलं. दुसरा दिमित्रिए कांतेमीर, मोल्दाव्हियाच्या (आजचा रुमानिया-मोल्दोव्हाचा भाग) राजाचा मुलगा, 1688 पासून इस्तंबूलमध्ये ओलीस ठेवलेला. तो तंबूर शिकला, लांब मानेचा, पडदे सरकवता येणारा, आपल्या तंबोऱ्याशी नावापुरतं नातं असलेला. त्याने अरबी अक्षरांवर आधारलेली स्वतःची स्वरलिपी बनवली आणि साडेतीनशेच्या आसपास रचना टिपल्या. 1710 साली मोल्दाव्हियाचा राजा झाला, वर्षभरात रशियाच्या पीटरच्या बाजूला गेला, तो पक्ष हरला आणि उरलेलं आयुष्य परागंदा काढून 1723 साली मेला. तिसरा हांपार्सुम लिमोन्जियान, आर्मेनियन, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने बनवलेली लिपी पुढे शंभर वर्षं वादक वापरत राहिले. फेल्डमननी या आणि अशा वह्या समोरासमोर ठेवल्या, आवर्तनं मोजली, आणि त्या तिघांच्या हस्ताक्षरांतून लयीची ती उतरंड वाचली.

याच दरबारात ज्यूही होते. तंबूरी इझाक, म्हणजे इझाक फ्रेस्को रोमानो, सुलतान तिसऱ्या सेलीमचे तंबूरचे उस्ताद. त्यांच्याही आधी इझ्राएल नजारा नावाच्या कवीने तुर्की चालींवर हिब्रू कविता रचल्या आणि 1587 साली साफेदमध्ये (आजच्या इस्राएलमधलं गाव) त्यांचा संग्रह मकामांप्रमाणे लावून छापला. एदिर्नेच्या सिनेगॉगमध्ये ‘माफ्तिरीम’ गायक शब्बाथला हिब्रू स्तोत्रं उस्मानी मकामांत म्हणत, आणि त्यांचं मेवलेवी दर्वेशांकडे जाणंयेणं होतं. 

या सगळ्यात मी ज्या गोष्टीशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते ती कांतेमीरचा मुलूख. मोल्दाव्हिया. 1711 ते 1821 तिथे इस्तंबूलहून पाठवलेले ग्रीक सरदार राज्य करायचे आणि त्यांच्याबरोबर इस्तंबूलचं गाणं यायचं. गावोगावच्या लग्नांत रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) आणि ज्यू वादक एकत्र वाजवायचे, एकमेकांच्या चाली उचलायचे. त्याच मोल्दाव्हियाचा पूर्व भाग 1812 साली रशियाने घेतला, त्याला बेसारेबिया म्हणू लागले. फेल्डमनच्या वडिलांचं गाव त्या भागात. दरबारी तंबूर आणि लग्नातलं क्लॅरिनेट हे दोन विषय वाटत होते, ते एका नकाशावर इतके जवळ निघाले.

महाराष्ट्रात राहून ज्यू संगीताबद्दल लिहायचं आणि बेने इस्रायलींचं नाव घ्यायचं नाही असं होऊ शकत नाही. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले हे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मराठीत कीर्तनं रचली: योसेफाचं, मोशेचं आख्यान, साक्या-दिंड्यांसकट, हरदासाच्या चालीवर. कापड आपलं, कथा तोराहमधली. 

तर शेवटी मी गावी गेले. गेल्या दिवाळीत. आजोबांच्या सनईमागे सूर धरून बसणारे तात्या अजून आहेत. आजोबा चाल वाजवायचे तेव्हा हे तासन् तास एकच सूर फुगवून धरायचे, श्वास न तुटू देता. आता दात नाहीत, पत्ती ओठात धरवत नाही. ओसरीवर पोत्यावर बसले होते. मी त्यांना सांगितलं की परमुलखात ज्यू लोकांच्या लग्नात नवरीला मधोमध बसवायचे, एक शाहीर यमकं जुळवून तिला आईबापाची, घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण द्यायचा आणि त्याच्या दोन ओळींच्या मध्ये व्हायोलिन रडायचं. तात्या लक्ष देऊन ऐकत होते.

“आपल्यात पाठवणीला वाजायची तशी की,” ते म्हणाले.

“तीच विचारायला आलेय, तात्या. आजोबा पाठवणीला काय वाजवायचे?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डोळे मिटून गुणगुणायला लागले. आवाज फाटका, पण कोमल रिषभ जागेवर. उजवा हात मांडीवर पडत होता, हलका. मी सवयीने मोजायला लागले. सात आल्या. पुन्हा मोजलं, अकरा. तिसऱ्या वेळी नऊ. मी त्यांना थांबवलं.

“तात्या, किती मात्रांचं आहे हे? सम कुठं येते?”

“मात्राबित्रा मला न्हाई ठावं, पोरी. नवरी रडायची थांबली की तुझा आजा वळायचा. मी सूर धरून तिच्याकडं बघायचो, आन तो माझ्याकडं. कवा लवकर वळायचा, कवा लई येळ थांबायचा.”

फोनचं रेकॉर्डिंग चालू होतं. मी माझा हात त्यांच्यासारखाच मांडीवर ठेवला आणि ते पुन्हा म्हणू लागले तसा पहिला घाव दिला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“आपटू नगं. वाट बघ.”

मी हात वर धरून थांबले. त्यांनी श्वास घेतला आणि चाल पुन्हा पहिल्यापासून उचलली.